रेतकांडीची कुळकथा

बॉलपेनातल्या रिफिलपेक्षा बारीक, साधारण तेरा सेंटिमीटर लांबीची प्लास्टिकची नळी. एका टोकाला बूच, दुसरं टोक चिकटवून बंद केलेलं. आत पाव मिलिलिटर दुधट द्रव आणि त्यात सुमारे २ कोटी शुक्राणू. नळीच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत वळूचा क्रमांक, जात, रेत काढल्याची तारीख आणि केंद्राची खूण छापलेली. सरकारी कागदांत ही 'रेतमात्रा', तंत्रज्ञाच्या तोंडी 'कांडी' किंवा 'स्ट्रॉ'. गोठ्यातली मंडळी 'गायीला इंजेक्शन भरलं' एवढंच म्हणतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक संकरित गायींचा बाप गोठ्यात आला तो ह्याच नळीतून. त्यांच्या आयांनी वळू नावाचा प्राणी उभ्या जन्मात पाहिलाही नसेल.

ह्या नळीचं कुळ शोधायला निघालं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. सगळी वंशावळ बापाच्या बाजूची आहे. रेत कसं काढायचं, कसं टिकवायचं, किती लांब न्यायचं ह्यावर दोनशे वर्षं डोकी झिजली. गाय माजावर आली हे ओळखायचं काम मात्र आजही शेणपाणी करणाऱ्या बाईच्या नजरेवर सोपवलेलं आहे, आणि शेतकऱ्याचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा तिथेच.

नळीच्या आधी अर्थातच वळू होता. आपल्याकडे तो एकतर एखाद्या बागायतदाराच्या दावणीला असायचा, नाहीतर गावचा. मेलेल्या माणसाच्या नावानं खोंड डागून मोकळा सोडायचा, हा वृषोत्सर्गाचा विधी जुना. देवाला सोडलेला वळूही तसाच. तो कुणाच्याही शेतात शिरला तरी काठी उगारायची नाही, त्या बदल्यात गावच्या गायी फुकट फळायच्या. उमेश कुलकर्णींच्या 'वळू' चित्रपटात गाव ज्याच्या मागे लागतं तो डुरक्या ह्याच परंपरेतला. चित्रपटात तो उपद्रवी म्हणून येतो, पण एकेकाळी गावाचं पशुधन बरं की वाईट हे अशाच एका जनावरावर ठरत असे. सोडलेला खोंड चांगल्या आईचा असेलच असं नव्हे. दानाला धडधाकट जनावर देण्याची दानत सगळ्यांची नसते. शिवाय एकच वळू सात-आठ वर्षं गावात राहिला की त्याच्याच कालवडी त्याच्यासमोर माजावर यायच्या. मुंबई सरकारनं १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा केला तो ह्याचसाठी: वळू ठेवायचा तर परवाना हवा, नालायक ठरला तर त्याचं खच्चीकरण. कागदावर चोख होता तो कायदा. पण देवाच्या नावानं सोडलेल्या जनावराला चिमटा लावायला पुढे कोण होणार?

वळूवाचून गाय फळवता येईल ही कल्पना मुळात गायीपाशी सुचलेली नाही. एका अरब टोळीप्रमुखानं शत्रूच्या नामांकित घोड्याचं रेत लोकरीच्या बोळ्यात चोरून आणलं आणि आपली घोडी फळवली, अशी चौदाव्या शतकातली गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. पुराव्यानं उभा राहणारा पहिला माणूस म्हणजे इटलीतला लाझारो स्पालांझानी. पेशानं पाद्री, पाव्हियाच्या विद्यापीठात निसर्गशास्त्राचा प्राध्यापक, आणि स्वभावानं भलताच चिकित्सक. गर्भधारणेत नराच्या रेताचं नेमकं काम काय, ह्यावर तेव्हा विद्वानांत जुंपली होती. रेताची नुसती 'वाफ' पुरते असं मानणारा मोठा पंथ होता. स्पालांझानीनं बेडकांच्या नरांना ताफ्त्याच्या तंग चड्ड्या शिवून घातल्या. चड्डीवाले नर माद्यांना नेहमीसारखेच बिलगले, अंडी पडली, पण एकही फळलं नाही. चड्डीत साठलेला द्रव त्यानं दुसऱ्या अंड्यांना लावला तर ती फळली. पुढे १७८० मध्ये त्यानं एका कुत्रीला कोंडून ठेवलं, माजावर आल्यावर पिचकारीनं रेत सोडलं, आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. बर्फात ठेवलेले शुक्राणू गारठून निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा वळवळतात, हेही त्यानं टिपून ठेवलं होतं. ह्या टिपणाचा उपयोग व्हायला पुढची पावणेदोनशे वर्षं लागली.

ह्या कुतूहलाला धंद्याची जोड दिली रशियानं, तीही घोड्यांसाठी. १८९९ पासून इल्या इवानोव्ह ह्या शास्त्रज्ञानं घोड्यांचं, मग गायी-मेंढ्यांचं कृत्रिम रेतन पद्धतशीर सुरू केलं. फौजेला आणि शेतीला घोडे लागत होते, उत्तम नर मोजके होते. एका उड्डाणाचं रेत एकाच घोडीत घालवणं म्हणजे उधळपट्टी, हे त्याच्या नजरेनं हेरलं. (हाच इवानोव्ह पुढे माणूस आणि वानर ह्यांचा संकर करायला १९२६ मध्ये आफ्रिकेत गेला, तिथे हात हलवत परतला, आणि शेवटी हद्दपारीत मेला. कुळकथेत असा एखादा पूर्वज निघायचाच.) त्याच्या वारसांनी कृत्रिम योनी कामाला लावली. दुहेरी रबराची ही नळी, मधल्या पोकळीत गरम पाणी, टोकाला काचेची कुपी. वळूला दुसऱ्या जनावरावर चढू द्यायचं आणि ऐनवेळी नळी पुढे करायची. आजही फ्रोझन सीमेन केंद्रांत हेच चालतं. वळूला तापमान आणि दाब बरोबर लागला की बाकी चौकशी तो करत नाही.

नळीचं खरं माहेर मात्र डेन्मार्क. १९३६ मध्ये साम्सो नावाच्या छोट्या बेटावर शेतकऱ्यांनी कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था काढली. दूध संघ, लोणी संघ हे डेन्मार्कला नवीन नव्हतंच. आता वळूही संघाचा झाला. एका शेतकऱ्याला न परवडणारा वळू शे-दोनशे जणांना सहज परवडतो, हे गणित आपल्या साखरपट्ट्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. तिथल्याच पशुवैद्यांनी एक हात गुदद्वारातून घालून गर्भाशयाचं मुख बाहेरून धरायचं आणि दुसऱ्या हातानं रेत थेट आत पोचवायचं, ही पद्धत बसवली. त्यामुळे रेत थोडं लागायला लागलं. थोडं लागतं म्हटल्यावर ते मोजून भरायला काहीतरी बारीक भांडं हवं. डॅनिश लोकांनी सुरुवातीला ओटच्या काडाचे तुकडे वापरले. मग एडवर्ड सोरेन्सन ह्या पशुवैद्यानं मुलीच्या वाढदिवसाला पोरांना सेलोफेनच्या नळ्यांनी सरबत ओढताना पाहिलं आणि त्याला हवं ते भांडं सापडलं. त्या नळीला आजचं रूप दिलं रोबेर कासू ह्या फ्रेंच माणसानं, १९६० च्या दशकात. प्लास्टिकची बारीक नळी, आणि बुचात ओल लागताच घट्ट होणारी भुकटी. जगभर ती 'फ्रेंच स्ट्रॉ' म्हणून गेली.

तोवर भारतातही सुरुवात झालेली होती, फक्त नळीविना. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत डॉ. संपत कुमारन ह्यांनी हळ्ळीकर गायींना होल्स्टीन वळूचं रेत भरलं. १९४२ मध्ये इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेत डॉ. भट्टाचार्यांच्या देखरेखीखाली प्रयोग सुरू झाले आणि १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत कृत्रिम रेतनानं पहिलं पारडू जन्मलं. विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास शोधून काढलं होतं की अंड्याचा पिवळा बलक मिसळला तर थंडीचा तडाखा शुक्राणूंना कमी बसतो आणि रेत गारव्यात दोन-तीन दिवस तग धरतं. (शाकाहारी घरातल्या गायीचंही त्यामुळे अंड्यावाचून अडलं!) पहिल्या पंचवार्षिक योजनेतली की-व्हिलेज केंद्रं चालली ती ह्या बलकाच्या रेतावर. बर्फाचा थर्मास सायकलला अडकवायचा आणि बर्फ वितळायच्या आत माजावर आलेल्या गायी गाठायच्या. तीन दिवसांत गाय माजावर आली नाही, तर रेत ओतून द्यायचं.

तीन दिवसांची ही मुदत मोडली ती लंडनच्या मिल हिलमध्ये, आणि निव्वळ चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीनं. ख्रिस्तोफर पोल्ज हा तरुण ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स ह्यांच्याबरोबर कोंबड्याचं रेत गोठवून पाहत होता. फळांतल्या साखरेचं द्रावण घालून काही होतं का, असा प्रयोग, काही होईना. द्रावणाच्या बाटल्या शीतगृहात पडून राहिल्या. काही महिन्यांनी त्यातलीच एक काढून पुन्हा करून पाहिलं, तर गोठलेले शुक्राणू वितळल्यावर चक्क पोहायला लागले. आनंदानं नवीन द्रावण बनवलं, पुन्हा शून्य. म्हणजे कमाल त्या बाटलीचीच. तळाशी उरलेला घोट तपासायला दिला, तर त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरीन आणि अंड्यातला पांढरा बलक निघाला. सूक्ष्मदर्शकाच्या काचांवर पेशी चिकटवायला हे मिश्रण प्रयोगशाळेत असतंच. कुणाच्या तरी हातून चिठ्ठ्या बदलल्या होत्या. पेशीतलं पाणी गोठताना होणारे बर्फाचे स्फटिक आणि त्यांच्याभोवती साठणारा क्षार पेशीचा जीव घेतो; ग्लिसरीन त्या दोन्हींना आवर घालतं. १९४९ मध्ये हे छापून आलं, १९५२ मध्ये पोल्ज आणि रोसन ह्यांनी वळूच्या रेतावर ते जमवून दाखवलं, उणे ७९ अंशांवर, कोरड्या बर्फात. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या रेत कंपन्यांनी कोरडा बर्फ सोडून द्रव नायट्रोजन धरला. उणे १९६ अंश. इथे काळ जवळपास थांबतो. वळू मरून वीस वर्षं झाली तरी त्याला वासरं होत राहतात.

ह्या गारठ्याचीही स्वतःची वंशावळ आहे. जेम्स ड्यूअरनं १८९२ मध्ये दोन भिंतींच्या मधली हवा काढून भांडं केलं, १८९५ मध्ये लिंडेनं हवा द्रवरूप करायचं यंत्र बसवलं. दोघांच्याही डोक्यात गाय नव्हती. आज तंत्रज्ञाच्या मोटरसायकलला बांधलेला ॲल्युमिनिअमचा गोलमटोल कंटेनर म्हणजे ड्यूअरचं भांडं आणि लिंडेची हवा. इंडियन ऑइलचा नाशिकचा कारखाना असे कंटेनर बनवतो.

मोटरसायकल ही आपली भर. मणिभाई देसाई मूळचे सुरत जिल्ह्यातले. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आले आणि निसर्गोपचार आश्रमाचं काम अंगावर घेऊन तिथेच राहिले. आश्रमात त्यांनी गीर गायींचा कळप जोपासला. गोसेवा करणाऱ्या गांधीवाद्यानं पुढे विदेशी वळूंचं रेत वापरून संकर करायचा धोशा लावावा, हे त्या वर्तुळातल्या अनेकांना रुचलं नाही. मणिभाईंचा हिशोब रोकडा होता. गरिबाला गाय पोसत नसेल तर गरीब गाय सांभाळणार नाही. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. सरकारी दवाखान्याची रीत अशी की गाय दवाखान्यात यायची. माजावर आलेल्या गायीला चार-पाच किलोमीटर चालवत खोड्यापर्यंत न्यायचं, डॉक्टर दौऱ्यावर असले तर परत आणायचं, आणि मजूर माणसाचा दिवस बुडायचा तो वेगळाच. बाएफनं हे उलटं केलं. निरोप मिळाला की तंत्रज्ञ मोटरसायकलवरून दारात येईल, पैसे घेईल आणि नोंद करेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी ह्या केंद्रांना हातभार लावला. ऊसतोडीतून मिळणारं वाढं होतं, दूध संघ उभे राहत होते, आणि संकरित कालवड हा बँकेनं कर्ज द्यायचा विषय झाला होता. माझ्या मते ह्या कुळकथेत पोल्जच्या बाटलीइतकंच महत्त्व ह्या दारापर्यंत येण्याला आहे, फक्त त्याचे शोधनिबंध निघत नाहीत.

दारात आल्यावर काय होतं ते एकदा नीट पाहावं. कंटेनरचं झाकण उघडताच पांढरी वाफ जमिनीकडे ओघळते. तंत्रज्ञ आतला डबा गळ्यापर्यंतच वर ओढतो, पुरता बाहेर काढत नाही. चिमट्यानं एक कांडी उचलून डबा लगेच खाली सोडतो, कारण शेजारच्या कांड्यांना ऊब लागता कामा नये. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. मग कोरडी पुसायची, पाण्याचा थेंबही शुक्राणूंना बाधतो. बंद टोक कात्रीनं सरळ कापायचं, कांडी गनमध्ये, गनवर प्लास्टिकचं आवरण. डाव्या हातात खांद्यापर्यंत मोजा. गाय दाव्याला, मालक शेपूट बाजूला धरून. आतल्या हातानं गर्भाशयाचं मुख चाचपायचं. बोटांना ते कोंबडीच्या मानेसारखं टणक लागतं. त्यातल्या कड्या एकेक ओलांडत गन पुढे सरकवायची आणि मुख संपतं तिथे, हळूहळू पाच मोजेपर्यंत, रेत सोडायचं. सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम.

ह्यात एक मेख आहे. कंटेनरमधला नायट्रोजन आधीच्या आठवड्यात एकदा तळाला गेला असेल, तर कांडीतले शुक्राणू तेव्हाच मेलेले असतात. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी दिसायला अगदी एकसारख्या. सूक्ष्मदर्शक गोठ्यात नसतो. शेतकरी पैसे देतो, एकविसाव्या दिवशी गाय उलटते, आणि दोष जातो गायीला. गावोगावी 'गाय धरत नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या जनावरांत किती अशा कांड्यांचे बळी असतील, ह्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

दुसरी मेख आईच्या बाजूची. माज दर २१ दिवसांनी, टिकतो १२ ते १८ तास. गाय हंबरते, बळस टाकते, दुसऱ्या गायींवर चढते आणि त्यांना आपल्यावर चढू देते, दूध चोरते. दावणीला एकच गाय असेल तर चढणार कुणावर? म्हैस त्याहून अवघड. तिचा मुका माज रात्री येऊन पहाटे ओसरतो. वैरण टाकायला पहाटे उठणारं माणूसच तो पाहू शकतं. अमेरिकेत ट्रिंबर्गर नावाच्या संशोधकानं १९४८ मध्ये घालून दिलेला नियम आजही पाळतात: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण नियम लागू व्हायला आधी माज दिसावा लागतो. गाभ नऊ महिने नऊ दिवसांचा, म्हशीचा दहा महिने दहा दिवसांचा. वर्षाला एक वेत हवं तर व्यायल्यापासून तीन महिन्यांत गाय पुन्हा गाभण राहायला हवी, म्हणजे हातात माज मोजून दोन किंवा तीन. एक हुकला की २१ दिवसांचा खर्च फुकट, तीन हुकले की गाय भाकड खाते. सरकारी दस्तऐवजांत शेतकऱ्यांच्या गोठ्यांतलं गर्भधारणेचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास दाखवतात. शंभरातल्या पासष्ट कांड्या वाया.

हा माज पाहणारं माणूस घरोघरी बहुतेक बाईच असते. तंत्रज्ञाचा नंबर मात्र पुरुषाच्या मोबाईलमध्ये, शिबिराचं आमंत्रण पुरुषाच्या नावानं, आणि गाय माजावर असल्याचं तिनं सकाळी सांगितलं तरी फोन लागतो तो पुरुष शेतावरून आल्यावर. शास्त्रानं ह्या बाजूलाही तोडगा काढला. तोही नजरेला वगळणारा. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमधून आलेल्या पद्धतीत ठरलेल्या दिवशी ठरलेली संप्रेरकांची इंजेक्शनं द्यायची आणि माज न पाहता तारखेला गाय भरायची. पाचशे गायींच्या फार्मला ते परवडतं. दोन गायींच्या दावणीला ती इंजेक्शनं आणि डॉक्टरांच्या तीन फेऱ्या परवडत नाहीत.

नळीचा नवा अवतार आहे लिंगनिवड केलेल्या रेताचा. त्याचं कारण शास्त्रात कमी, रानात जास्त आहे. ट्रॅक्टर आला, बैल मागे पडला. संकरित खोंडाला वशिंड नीट येत नाही, उन्हात तो दमतो, औताला कुणी घेत नाही. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मग खोंडाला वाढवायचं कुणी आणि कशासाठी? रस्त्यावर सोडलेली गोऱ्ही आणि वासरपणीच हेळसांडीनं मेलेली खोंडं ही ह्याची सरळ फळं. उपाय अमेरिकेच्या बेल्ट्सव्हिलमध्ये १९८९ साली लॉरेन्स जॉन्सननं शोधला होता: कालवड देणाऱ्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा सुमारे ४ टक्के डीएनए जास्त असतो. रंग चढवून लेझरखालून एकेक थेंब सोडला की जास्त चमकणारे वेगळे काढता येतात. शंभरात नव्वद वासरं कालवडी. पण निवडीच्या यंत्रातून जाताना शुक्राणू दमतात आणि कांडीत फार तर विसेक लाख राहतात, त्यामुळे माजाची वेळ आणखी अचूक लागते. बाईच्या नजरेवरचा भार वाढलाच. परदेशी यंत्राची ही कांडी हजाराच्या घरात जात असे. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी तंत्रज्ञानाचं अनावरण झालं, ते ती स्वस्त करण्यासाठी.

ह्याच वर्षांत खिल्लार बैल पाळणाऱ्यांचं मात्र उलट चाललं होतं. २०१४ च्या बंदीनंतर बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये परवानगी दिली, २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि खिल्लार खोंडाचा भाव चढला. शर्यतीच्या घाटात पहिल्या आलेल्या बैलाच्या वळूबापाकडे पुणे-सांगली-साताऱ्याची माणसं आपली गाय टेम्पोत घालून नेतात, मालकाला रोख पैसे मोजतात आणि दोन्ही जनावरं डोळ्यांदेखत लागली ह्याची खात्री करून परततात. कांडीवर त्यांचा विश्वास नाही. छापलेल्या क्रमांकापेक्षा समोर उभं असलेलं वशिंड त्यांना खरं वाटतं. आणि त्यांना कालवड नको, खोंड हवा. लेझरचं यंत्र वाय शुक्राणूही तितक्याच बिनबोभाट वेगळे काढतं, फक्त तशी मागणी ते नोंदवत नाहीत.